एका तिकिटाचं भारमान

दर दोन-तीन महिन्यांनी एका रात्री मी फोनवर दोन तिकिटं उघडून बसतो. नोकरी हैदराबादला, घर कोल्हापूरला. पहिलं तिकीट हैदराबाद ते कोल्हापूर. विमान छोटं, पंख्याचं, सत्तरेक सीटचं. उजळाईवाडीला उतरलं की रिक्षानं अर्ध्या तासात घरी. दुसरं तिकीट हैदराबाद ते पुणे. दिवसभरात बरीच विमानं आणि भाडंही बहुतेक वेळा कमी. पण लोहगावला उतरल्यावर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर अंतर उरतं. आधी पुण्याच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडायचं, मग खंबाटकी, सातारा, कराड. त्यात रस्त्याचं काम सुरू असेल तर घरच्यांना जेवायला थांबू नका म्हणून सांगायचं.

नकाशा बघणारा कुणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा, जवळचं घे. तरी गेली दोन वर्षं मी बहुतेक वेळा पुण्याचं तिकीट काढतो. आणि पैसे भरून झाले की दर वेळी थोडं अपराधी वाटतं. या वाटण्याला काही अर्थ आहे का, हे मला नीट तपासून बघायचंय. आपल्या गावच्या विमानतळाचं आपण काही देणं लागतो का?

आधी मी पुण्याकडे का वळलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास ठरली. सकाळी आठला त्यांना आत नेणार होते. मी आदल्या दिवशीच्या कोल्हापूरच्या विमानाचं तिकीट काढलं होतं. कॅबमध्ये बसलो आणि मेसेज आला, फ्लाइट रद्द. पैसे परत मिळतील, असंही त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी कोल्हापूरला जाणारं दुसरं विमान नव्हतं. पुण्याच्या रात्री उशिराच्या विमानात एक सीट मिळाली. तिथून गाडी करून हॉस्पिटलला पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. आई बाहेर बाकावर एकटीच बसली होती. बाबा बरे झाले. आत जाताना मी दिसलो नाही हे त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलेलं नाही, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागतं.

यात विमानतळाचा दोष नव्हता. छोट्या शहरांच्या मार्गांवर बहुतेक वेळा एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं. सकाळी कुठे धुकं पडलं किंवा एखादा पार्ट बिघडला, की पुढच्या सगळ्या फेऱ्या कोलमडतात. शेजारी दुसरं विमान उभं नसतं. आमच्या कामात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एक गोष्ट बंद पडली की सगळंच बंद. पुण्याचं एक विमान रद्द झालं तर पुढच्यात बसता येतं. म्हणजे मी जवळ आणि लांब यांच्यात निवड करतोय असं मला वाटत होतं, पण खरी निवड एकच वाट असणं आणि चार वाटा असणं यांच्यात होती.

बाबा एसटीत कंडक्टर होते. ऑपरेशननंतर महिन्याभरानं गॅलरीत बसलेलो असताना मी त्यांना म्हटलं, "आता मी पुण्यावरनंच येत जाणार. त्या विमानाचा भरवसा नाही."

ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण एक बघ. गाडीचा भरवसा नसला की माणसं वडापनं जात्यात. माणसं वडापनं गेली की भारमान पडतंय. भारमान पडलं की फेरी बंद. मग एक दिवस म्हातारी माणसं फाट्यावर नुसती उभी ऱ्हात्यात."

'भारमान' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीत सीटा किती आणि त्यातल्या भरल्या किती, याचं प्रमाण. विमान कंपन्याही शेवटी हेच बघतात.

कोल्हापूरच्या विमानतळाची गोष्ट मुळात भारमानाचीच आहे. हा विमानतळ १९३९ मधला, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. पण नंतर बरीच वर्षं तिथं धावपट्टी होती आणि नियमित विमान नव्हतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं 'उडान' योजना आणली आणि २०१८ पासून कोल्हापूरची विमानसेवा तिच्या आधारानं पुन्हा उभी राहिली. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. योजनेचं गणित साधं आहे. विमानातल्या काही सीटा ठरवून दिलेल्या कमी भाड्यात विकायच्या आणि कंपनीला जी तूट येईल ती तीन वर्षं भरून द्यायची. हे पैसे मुख्यतः मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवर बसवलेल्या आकारणीतून येतात आणि काही वाटा राज्य सरकार उचलतं. तीन वर्षं संपली की मार्गानं स्वतःच्या तिकिटांवर उभं राहायचं.

म्हणजे दिल्ली-मुंबई प्रवास करणाऱ्या, कोल्हापूर कधीच न पाहिलेल्या कितीतरी लोकांनी आमच्या विमानासाठी थोडे थोडे पैसे आधीच भरलेत. त्यांची मुदत संपल्यावर पुढचा भार ज्यांच्यावर येतो, त्यात मी आहे.

इथं डोक्यातला इंजिनियर लगेच हात वर करतो. सत्तर सीटच्या विमानात मी वर्षातून पाच वेळा बसलो काय किंवा नाही बसलो काय, मार्ग चालू ठेवायचा की बंद करायचा हे माझ्यामुळे ठरणार नाही. मग मी पाच-सहाशे रुपये जास्त का द्यावेत? डेरेक परफिट या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात हाच युक्तिवाद तपासलाय. त्याचं उदाहरण असं. वाळवंटात कितीतरी माणसं तहानेनं तळमळतायत. त्यांच्याकडे निघालेल्या टाकीच्या गाडीत प्रत्येकानं आपलं भांडंभर पाणी ओतायचं आणि ते सगळ्यांना सारखं वाटलं जाणार. माझ्या भांड्यामुळे एकेकाच्या वाट्याला जेमतेम थेंब येईल, आणि तो कुणाला जाणवणारही नाही. म्हणून मी पाणी ओतलं नाही तर चालेल का? परफिट म्हणतो, नाही. जाणवत नाही म्हणजे परिणामच नाही असं समजणं ही गणिताची चूक आहे.

मला हे पटतं. पण बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशीही मी हा हिशोब करायला हवा होता का? याचं उत्तर मला परफिटकडे सापडलं नाही. ते आजीकडे होतं.

श्रावणी सोमवारी आजी खुलभर दुधाची कहाणी वाचायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. त्यानं दवंडी पिटवली, सगळ्यांनी घरचं सगळं दूध देवळात आणावं. लोकांनी वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी लेकरांना आणि वासरांना दूध दिलं होतं आणि उरलेलं खुलभर दूध आणलं होतं. तिनं ते वाहिलं आणि गाभारा भरला.

लहानपणी मला ही चमत्काराची गोष्ट वाटायची. आता तिच्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, घरचं लेकरू उपाशी ठेवून दिलेल्या दुधाची देवाला गरज नाही. 'आपला विमानतळ वापरा, नाहीतर बंद पडेल' असं ऊठसूट सांगणारे मला त्या राजासारखे वाटतात. विमान वेळेवर सुटावं, रद्द झालं तर दुसरी सोय असावी, हे ज्यांचं काम आहे त्यांनी ते करायचं. ती तूट प्रवाशांच्या गावप्रेमातून भरून काढता येणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, घरचं भागल्यावर म्हातारी घरी बसून राहिली नाही. माझ्या खुलभर दुधानं एवढा मोठा गाभारा कुठे भरणार, हे तिलाही कळत होतं. तरी ती गेली.

आणि लेकरं-वासरं म्हणजे फक्त माझ्याच घरची नाहीत. गेल्या वर्षी आई हैदराबादला आली. तिच्या गुडघ्यांमुळे तिला पाच तास बसचा प्रवास झेपत नाही. कोल्हापूरहून व्हीलचेअरवरून विमानात बसली आणि संध्याकाळी माझ्या घरी चहा प्यायली. मला दोन तिकिटांमधून निवडता येतं, तिला ते शक्य नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याचा रस्ता बंद झाला. अशा दिवसांत लांबचा विमानतळ कितीही मोठा असला तरी काय उपयोग?

म्हणून मला वाटतं, मी देणं लागतो ते कोल्हापूरच्या अभिमानाचं नाही. गावाला विमानतळ असणं ही मिरवण्याची गोष्ट असेल, पण तेवढ्यासाठी कुणी जास्त भाडं द्यायची गरज नाही. देणं आहे ते ज्यांना दुसरी वाट नाही त्यांचं. ज्यांच्याकडे दोन वाटा आहेत त्यांनी सोयीसाठी दर वेळी दुसरी धरली, तर पहिली हळूहळू बुजते, आणि ती कुणी मुद्दाम बुजवलेली नसते.

आता मी स्वतःपुरता एक नियम केलाय. घरी थांबू न शकणारं काही असेल तर पुणे, आणि त्याबद्दल मनाला लावून घ्यायचं नाही. बाकी सगळ्या वेळी, म्हणजे दिवाळी, यात्रा, लग्न, किंवा नुसती आईची आठवण, तेव्हा कोल्हापूर. मध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा, म्हणजे विमान रद्द झालं तरी फार बिघडत नाही. पाच-सहाशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्यायचे.

यंदा गणपतीला तसंच केलं. विमान दीड तास उशिरा सुटलं. उजळाईवाडीला बाबा घ्यायला आले होते. प्रवास कसा झाला हे त्यांनी विचारलं नाही. बॅग हातात घेत म्हणाले, "किती माणसं होती रं?"

"पन्नास-पंचावन्न असतील."

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. "भारमान बरं हाय की," म्हणाले आणि रिक्षाकडे चालायला लागले.