दानपत्राबाहेरची सून

बंगळुरूच्या उत्तर भागातील मल्लेश्वरम ही वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखली गेली आणि १८९८च्या प्लेगनंतर झपाट्याने वसली. परंतु तिला नाव देणारे काडु मल्लेश्वराचे, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराचे, देऊळ त्याहून पुष्कळ जुने असून, १६६९च्या शिलालेखानुसार छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांनी या देवाला एक गाव इनाम दिले होते. वसाहतीला लागूनच, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३७१ एकर जमिनीवर, जमशेटजी टाटांच्या देणगीतून भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. तिच्या नावात देणाऱ्याचे नाव नाही, तरी या भागात ती अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखली जाते. दान दिल्यावर दात्याचा त्यावर कितपत अधिकार उरतो, हा प्रश्न या दोन्ही दानांच्या बाबतीत फारसा कोणी विचारला नाही. मुंबईत मात्र तो विचारला गेला, आणि तोही एका विवाहाच्या निमित्ताने. विज्ञान संस्थेच्या स्थापनेचा आदेश मे १९०९मध्ये निघाला. त्याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर १९०८मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने पेटिट विरुद्ध जीजीभाई या खटल्याचा निकाल दिला होता.

जमशेटजींचे नात्याने बंधू आणि व्यवसायातील भागीदार असलेले रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच युवतीशी विवाह केला. १९०३मध्ये मुंबईत तिची नवजोत झाली. नवजोत म्हणजे सुद्रे हे पवित्र वस्त्र आणि कुस्ती हा कमरेचा धागा देऊन जरथुश्त्री धर्मात प्रवेश देण्याचा विधी. सुझानची सूनी झाली, पण पारशी समाजात वादळ उठले. कारण धर्मात आलेली ही स्त्री पारशी पंचायतीच्या न्यासांची, म्हणजे अग्यारी, धर्मादाय निधी आणि मृतदेह ठेवण्याचे दोखमे यांची, हक्कदार ठरते काय, असा प्रश्न निर्माण झाला. न्यायालयात उभे राहिलेले पक्ष सामान्य नव्हते. एका बाजूला कापडगिरण्यांवर उभे राहिलेले पेटिट घराणे होते, तर दुसऱ्या बाजूला चीनच्या व्यापारातून वर आलेले जीजीभाई घराणे. पंचायतीचे विश्वस्त कोणी नेमायचे हाही वादाचा एक भाग होता, म्हणजे धर्मशास्त्राच्या आड प्रतिष्ठेची चढाओढही चालू होती.

या खटल्याचे खरे महत्त्व निकालाच्या रचनेत आहे. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी जरथुश्त्री धर्मात परक्याला प्रवेश देण्यास तत्त्वतः मनाई नसल्याचे मान्य केले, आणि तरीही अशा व्यक्तीला पंचायतीच्या न्यासांचा लाभ नाकारला. कारण ज्या काळी हे न्यास स्थापन झाले त्या काळच्या दात्यांच्या मनात धर्मांतरित व्यक्ती असणे शक्य नव्हते. धर्माने दार उघडे ठेवले होते, दानपत्राने ते लावून घेतले. याच निकालात पारशी कोण याची व्याख्याही आली: इराणातून आलेल्या मूळ निर्वासितांचे वंशज, इराणातून आलेले इतर जरथुश्त्री, आणि पारशी पित्याला परक्या स्त्रीपासून झालेली, धर्मात रीतसर घेतलेली मुले. ही व्याख्या निकालास आवश्यक नव्हती, ते केवळ प्रासंगिक मत होते, असा आक्षेप नंतर घेतला गेला. पण समाजव्यवहारात तीच रूढ झाली. वंश पित्याकडून चालतो, मातेकडून नाही, ही अट तिच्यात गृहीतच होती.

व्यापारी घराण्यांतील निषिद्ध प्रेमाची चर्चा सहसा भावना विरुद्ध अब्रू अशी मांडली जाते. ती मांडणी अपुरी आहे. घराणे जेव्हा प्रेमाला मनाई करते तेव्हा ते प्रेमाचा निवाडा करत नसते. आपल्या मिळकतीत, नावात आणि अंत्यविधीत उद्या कोण वाटेकरी होणार, याचा निवाडा ते करत असते. म्हणजे त्याची भूमिका न्यासाच्या दात्याची असते, जो आज ठरवतो आणि मेल्यावरही ठरवत राहतो.

भारतीय विचारपरंपरेत दानाची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. धर्मशास्त्रकारांच्या मते स्वतःचे स्वत्व संपवून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान. हात सुटला की दात्याची इच्छाही सुटली. मीमांसकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. विश्वजित् यागात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. त्या सर्वस्वात आईवडील किंवा अपत्ये येतात काय, या प्रश्नाला जैमिनीच्या परंपरेचे उत्तर नकारार्थी आहे, कारण नातेसंबंध असला म्हणून मालकी होत नाही. मग ‘कन्यादान’ या शब्दाचे काय करायचे, हा पेच उभा राहतो, आणि तेथे दान हा शब्द गौण, म्हणजे लाक्षणिक अर्थाने घ्यावा, असा मार्ग काढला जातो. मराठी घरांत लग्नाच्या वेळी हा शब्द किती सहज उच्चारला जातो, हे पाहता मीमांसकांचा संकोच लक्षणीय वाटतो. पित्याला मुलगी देता येत नसेल, तर तिला न देण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो?

या प्रश्नाची धार १९०८च्या खटल्यातील पहिले वादी सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पुढच्या आयुष्यात दिसते. बाहेरून आलेल्या सुनेचा हक्क मान्य व्हावा म्हणून ते न्यायालयात गेले होते; दहा वर्षांनी स्वतःची मुलगी रतनबाई हिने मोहम्मद अली जिना यांच्याशी विवाह करू नये म्हणून तेच न्यायालयात गेले. ती सज्ञान होईपर्यंत मनाईहुकूम मिळाला. २० फेब्रुवारी १९१८ रोजी तिला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि १९ एप्रिलला, इस्लामचा स्वीकार करून, तिने जिनांशी निकाह केला. त्या काळच्या १८७२च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी करायची तर आपण हिंदू, मुसलमान, पारशी वगैरे कोणताही धर्म मानत नाही, असे दोघांना जाहीर करावे लागे. प्रेमाला धर्माबाहेर पडूनच कायद्यात शिरता येत होते. पुढे जिनांच्या कन्येने गिरणीमालक वाडिया घराण्यातील तरुणाशी विवाह ठरवला, तेव्हा विरोध करण्याची पाळी जिनांची होती. या सगळ्यांना ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण त्यात विचार होत नाही. येणारी सून ही भर आणि जाणारी मुलगी ही घट, हा हिशेब घराण्याच्या कल्पनेतच बसवलेला आहे. उदारमतवादाने तो आपोआप पुसला जात नाही.

मिळकतीचा प्रश्न नसेल तेथे गोष्ट वेगळी दिसते. पुढे मल्लेश्वरममध्ये ‘पंचवटी’ या घराचे मालक झालेले भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०७मध्ये स्वतः ठरवून पोटजातीबाहेर लग्न केले. ते लग्न काही न्यायालयात गेले नाही.

स्वतंत्र भारताच्या कायद्यातही हा हिशेब शिल्लक होता. १९५४च्या विशेष विवाह कायद्याच्या १९व्या कलमानुसार, अविभक्त कुटुंबातील हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केले की ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे मानले जाते; १९७६च्या दुरुस्तीनंतर वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे लागू होत नाही. बेळगाव जिल्ह्यातील एका जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये, दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहाचे ठरवल्यावर कुटुंबाच्या वा समाजाच्या संमतीची गरज नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. संमतीचा प्रश्न त्याने सुटला. प्रवेशाचा सुटला नाही. विशेष विवाह कायद्याखाली हिंदू पुरुषाशी लग्न केलेल्या वलसाडच्या एका पारशी स्त्रीचा धर्म पतीच्या धर्मात विलीन झाला, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१२मध्ये मानले होते. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तेथील न्यासाने तिला आईवडिलांच्या अंत्यविधीस येऊ देण्याचे मान्य केले, तेही अंतरिम सोय म्हणून.

पेटिट आणि टाटा या घराण्यांचा संबंध मात्र खटल्यावर संपला नाही. सर दिनशांच्या मुलाचा, म्हणजे रतनबाईच्या भावाचा, विवाह सूनीच्या सिल्ला या मुलीशी झाला. दावर यांच्या व्याख्येनुसार सिल्ला पारशी होती, कारण तिचा पिता पारशी होता. जिच्यासाठी दोखम्याच्या हक्काचा वाद झाला ती सूनी १९२३मध्ये फ्रान्समध्ये वारली. तीन वर्षांनी रतनजीही वारले, आणि दोघांना पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत पुरले आहे.