दाराला नंबर नसलेली माणसं

१८६१ ते १८८६ या काळात झाशी नावाची दोन गावं होती. तटाच्या आतलं शहर इंग्रजांनी शिंद्यांना देऊन टाकलं होतं. तटाबाहेरचं नवाबाद आणि तिथली छावणी मात्र स्वतःकडे ठेवली होती. पुढे ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला आणि बदल्यात झाशी शहर इंग्रजांकडे गेलं. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५८ची लूट आणि जाळपोळ लिहून ठेवली, त्यामुळे तटाच्या आतलं ते शहर मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. छावणीतल्या सदर बाजाराशी आपला संबंध मात्र खरेदी आणि चाट एवढाच.

पलटणीला धोबी लागत, शिंपी लागत, न्हावी, भिस्ती, मोतद्दार, खानसामे, किराणावाले लागत. सगळ्या छावण्यांचे सदर बाजार असेच वसले. पुण्याचा कॅम्प, भिंगार, देवळाली, कामठी यांची गोष्ट वेगळी नाही. या माणसांना बसायला जागा मिळाली, पण जमीन सरकारचीच राहिली. बंगाल लष्करासाठी १८३६ साली निघालेला गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम आजही कोर्टात वाचला जातो. महिन्याची नोटीस द्यायची, मंजूर बांधकामाची किंमत मोजायची आणि जागा परत घ्यायची, अशी त्यातली सोय. बंगलेवाल्या साहेबासाठी केलेला नियम होता तो. त्याच्या आवारातल्या नोकरांच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न हुकूम लिहिणाऱ्याच्या मनातही आला नसेल.

अशा बाजारातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. खाली दुकान, वर लाकडी गॅलरी, त्यावर पत्रा. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, एका चुलीच्या दोन चुली झाल्या. मधे साडेचार इंची भिंत घालायची आणि मागे एक संडास काढायचा, एवढंच काम. पण छावणी कायद्यानुसार एका कुटुंबाच्या घराची दोन घरं करणं हेही ‘बांधकाम’च, छावणी बोर्डाला कळवा, नकाशा द्या, मंजुरीची वाट पाहा. कागद दुसऱ्याच्या नावावर असला की नकाशाच देता येत नाही. मग शनिवार-रविवारची सुट्टी पाहून ताडपत्रीच्या आड भिंत उठते आणि सोमवारपासून ते कुटुंब बेकायदा ठरतं. नोटीस येते, कुणीतरी ‘बघून घेतो’ म्हणणारा भेटतो, त्याचा दर असतो. नियम मोडल्याशिवाय राहताच येऊ नये अशी व्यवस्था करायची आणि मग माणसाला नियमभंगाचा दोष द्यायचा, यात मला न्याय दिसत नाही. लष्कराला सुरक्षेसाठी मोकळी जागा हवी, हे मान्यच आहे. पण घरामागच्या संडासाने कुठली सीमा धोक्यात येते?

याहून खोल घाव मतदारयादीत आहे. पचमढी छावणीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ साली निकाल दिला की बेकायदा बांधलेल्या घरात राहणाऱ्याला बोर्डाच्या निवडणुकीचा मतदार होण्याचा हक्क नाही, कारण त्या घराला नंबरच नाही. इतर छावण्यांतही मग नावं गळली. कायद्याची अक्षरं तशी असतील. पण तोच माणूस लोकसभेला मत देतो. देशाचं सरकार निवडायला तो चालतो, दारातल्या गटाराची तक्रार ज्याच्याकडे न्यायची तो मेंबर निवडायला चालत नाही. अर्थात आता निवडून आलेले मेंबरच नाहीत. ५७ छावण्यांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ला होणार होत्या, त्या मार्चमध्येच रद्द झाल्या.

कारण सांगितलं गेलं ते छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून पालिकांना जोडण्याचं. हिमाचलमधल्या खास योलपासून २०२३ साली सुरुवातही झाली. राज्य सरकारच्या योजना इथल्या लोकांपर्यंत पोचतील, हा त्यातला युक्तिवाद खरा आहे. झाशीचंच पाहा, तिचं नाव २०१७ साली स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, तेही महापालिकेच्या हद्दीपुरतं. हद्द ओलांडली की कारभार दुसऱ्याचा.

तरीही टाळ्या वाजवण्याची घाई नको. आज छावणीत झाडं आहेत, आभाळ दिसतं, कारण बांधायला बंदी आहे. पुणेकर संध्याकाळी कॅम्पात फिरायला जातो तेव्हा याच बंदीची सावली फुकट घेतो. बंदी उठली की पहिला फोन बिल्डरचा येईल, आणि पहिली नोटीस जुन्या भाड्यात राहणाऱ्याला. त्यातच झाशीजवळच्या ३३ गावांची जमीन घेऊन नवी औद्योगिक नगरी उभारायचं उत्तर प्रदेश सरकारने २०२३ मध्येच ठरवलंय. तिथे येणारा हेल्पर, वॉचमन, पोळ्या करणारी बाई कुठे राहणार? स्वस्त खोली जिथे मिळेल तिथे, म्हणजे अशाच पत्र्याखाली. विकासाच्या आराखड्यात कारखान्याला पाणी किती लागेल ते मोजतात. कामगाराला खोली किती भाड्याने परवडेल हे कोण मोजतं?

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. एफएसआय नंतर, रहिवाशांची यादी आधी. पट्टेदारांची नावं त्यात आपोआप येतील. पोटभाडेकरू, नोकरांच्या खोल्यांतली कुटुंबं, दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कारागीर यांची घालावी लागतील, आणि जुनं वीजबिल, रेशनकार्ड किंवा मुलाचा शाळेचा दाखला एवढा पुरावा पुरायला हवा. हस्तांतराच्या कागदात एकर, इमारती, कर्मचारी यांचे रकाने असणारच. त्यांच्या शेजारी रहिवाशांचाही एक रकाना आखावा, आणि तो भरल्याशिवाय एकाही नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करू नये.