कोरा रकाना

सावकाश बसा. वाचनालयाच्या डेटाबेसमधली एकच ओळ नजरेसमोर आणा.

पुस्तक 412. सभासद 87. दिल्याची तारीख 3 जून. परतीची तारीख...

तिथे काहीच नाही. नजर तिथेच राहू द्या.

एक श्वास घ्या. आता ओळ वाक्यासारखी वाचा: 412 नंबरचं पुस्तक 87 नंबरच्या सभासदाने 3 जूनला नेलं. ओळ म्हणजे एक विधान.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड 1970 च्या आपल्या लेखात टेबलाचा पाया गणितातल्या संचावर ठेवतो. संचात वरची ओळ, खालची ओळ असं काही नसतं. तेच विधान दोनदा येत नाही. (डेटाबेसची भाषा एसक्यूएल याबाबतीत सैल आहे, तो वाद आत्ता नको.)

87 कडे पाहा. या रकान्यावरची फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा नियम, सभासदांच्या टेबलात जाते, 87 शोधते. सापडतो. ओळीला जागा मिळते.

पुन्हा कोऱ्या रकान्याकडे या.

तिथे एक चेक आहे, म्हणजे ओळ आत घेताना तपासायची अट: परतीची तारीख दिल्याच्या तारखेच्या आधीची नको. कोऱ्या जागेला हे विचारा. घाई नको. ऐका.

खरं? म्हणता येत नाही.

खोटं? तेही नाही.

तिसरंच उत्तर येतं: माहीत नाही.

आणि चेक ओळीला आत घेतो. त्याची हरकत फक्त खोट्याला.

श्वास सोडा. तीच अट, एक अक्षरही न बदलता, ओळी शोधणाऱ्या क्वेरीच्या व्हेअरमध्ये ठेवा. ओळ निकालात येत नाही. व्हेअरला 'खरं'च लागतं. ओळ टेबलात आहे, निकालात नाही. या दोन्हींपाशी जरा थांबा.

मला चेकचं वागणं समंजस वाटतं. पुस्तक अजून कुणी वाचतंय, तेवढ्यासाठी नोंद का नाकारायची?

आता मनातल्या मनात दिल्याची तारीखही पुसा. पाहा, चेक याही ओळीला अडवत नाही. पुस्तक गेलं, पण कधी गेलं ते कुठेच नाही.

कोऱ्या जागेला डेटाबेस नल म्हणतो; इथे नॉट नल हवं. त्याची हरकत कोरेपणालाच.

तेच परतीच्या तारखेवर लावून पाहा. सभासद पुस्तक घेऊन काउंटरवर उभा आहे, आणि ते परत येईपर्यंत त्याची नोंदच होत नाही.