देहाची निगा : स्वार्थ की धर्म?

गेल्या आषाढी एकादशीस आपल्या देवळात घडलेला एक प्रसंग आम्हांस अजून विसरता आलेला नाही. सायंकाळचे भजन रंगात आले होते. टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभे असलेले आपले एक वयोवृद्ध सभासद एकाएकी खांबाला टेकले. अंगास दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. हे गृहस्थ अनेक वर्षांचे मधुमेही. सकाळची गोळी त्यांनी नित्याप्रमाणे घेतली होती आणि उपवास मात्र निर्जळी धरला होता. भजनास आलेल्या एका जाणत्या बाईंनी प्रसंगावधान राखले. रुग्ण शुद्धीवर आहे व त्यास गिळता येते, एवढी खात्री करून घेऊन त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. अर्ध्या घटकेत ते सावध झाले आणि सावध होताच हसून म्हणाले, "देहाचे काय एवढे? आज आहे, उद्या नाही. एकादशीला पांडुरंगाच्या पायाशी पडला असता तर सोनेच झाले असते!"

ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी माना डोलावल्या. परंतु पदराने त्यांचा घाम पुसणाऱ्या त्यांच्या पत्नी हलक्या आवाजात एवढेच म्हणाल्या, "देह काय तुमच्या एकट्याचा आहे?"

या दोन वाक्यांत एक जुना प्रश्न उभा आहे. देहाची निगा राखणे ही देहासक्ती होय, की ते कर्तव्य होय? सभासद कुटुंबांपुढे तो प्रश्न आज मांडावा असे आम्हांस वाटते. कारण त्याचे उत्तर आपण सभेत देत नसून स्वयंपाकघरात, औषधाच्या डबीपाशी आणि उपवासाच्या ताटावर रोजच देत असतो.

त्या वृद्ध गृहस्थांच्या बोलण्यात काही तथ्य नाही असे कोण म्हणेल? देह नश्वर आहे ही शिकवण आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आली आहे, आणि तिने संकटकाळी अनेकांस धीर दिला आहे. मात्र नश्वर वस्तूची हेळसांड करावी, असे त्या शिकवणीतून निघत नाही. देवापुढील समईतले तेलही संपणारेच असते. म्हणून कोणी ते जमिनीवर सांडून देत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि अजिबात न जेवणे, अतिनिद्रा आणि अतिजागरण ही दोन्ही टोके योगास बाधक ठरविली आहेत. आणि सतराव्या अध्यायात शास्त्राचा आधार नसता देहास क्लेश देणाऱ्या तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषाने आलेले शंकर तपाला बसलेल्या पार्वतीस प्रथम काय विचारतात? समिधा व पाणी मिळते ना, आणि तप आपल्या शक्तीच्या बेताने चालले आहे ना! धर्माचरण ज्या साधनाने व्हावयाचे त्या साधनांत देह पहिला, हे तेथेच ते तिला सांगतात. साक्षात् शंकरांस जी चौकशी योग्य वाटली ती आपल्या घरच्या माणसांची करण्यात कमीपणा कोणता?

उपवासाच्या बाबतीत तर आपले शास्त्रकार आपल्याहून अधिक समंजस होते. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असा स्पष्ट निर्वाळा त्यांनी देऊन ठेवला आहे. म्हणजे एकादशीच्या दिवशी औषध घेणे, आणि औषधासाठी अवश्य तेवढे पोटात ढकलणे, हे व्रताच्या मर्यादेतच बसते. तेव्हा आग्रह धरावयाचाच तर तो असा असावा : मधुमेहावर, रक्तदाबावर किंवा हृदयविकारावर औषध चालू असलेल्या माणसाने उपवास करण्यापूर्वी आपल्या वैद्यास वा डॉक्टरांस विचारावे. गोळी घ्यावयाची आणि अन्न टाळावयाचे, हा मार्ग घाताचा होय. कारण साखर उतरविणारी काही औषधे पोट रिकामे असले तरी आपले काम करीतच राहतात. तशीच मनाने गोळी बंद करणे हाही धर्म नव्हे. आणि ज्यांस व्याधी नाही त्यांनी 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आठवावी. साबुदाणा म्हणजे बहुतांशी निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घालून त्याची खिचडी दोन वेळा पोटभर खाल्ली, तर जठरास विश्रांती मिळाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. देह एकट्याचा नसतो, हे विधान भावनेचे वाटले तरी ते रोकड्या व्यवहाराचे आहे. अर्धांगवायूने माणूस अंथरुणास खिळला म्हणजे त्यास उचलणारे हात सुनेचे असतात, रात्रीचे जागरण मुलाचे असते, आणि शिक्षणासाठी बाजूस ठेवलेला पैसा नातवाचा असतो. "मला काही होत नाही" असे म्हणून रक्तदाब न तपासणारा गृहस्थ आपण विरक्त आहोत असे समजतो. वस्तुतः तो आपल्या बेफिकिरीचे कर्ज दुसऱ्यांच्या नावे काढीत असतो. विरक्ती तीच खरी, जिची किंमत ज्याची त्याने मोजली.

हा धोका दूरचा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी भारतीयांस मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. प्रौढांत हे प्रमाण शेकडा ११ च्या वर आहे, आणि गोमंतकात ते शेकडा २६ इतके आढळले. रक्तदाबाचा विकार तर शेकडा ३५ प्रौढांत दिसून आला. हे दोन्ही रोग प्रारंभी मुके असतात. दुखत नाही, खुपत नाही. आणि आतल्या आत डोळे, मूत्रपिंडे, हृदय व मेंदू यांस झीज लागलेली असते. जे दुखत नाही त्याकडे लक्ष देणे हे शिस्तीचे काम आहे, आणि शिस्त हाच तर धर्माचा पाया.

ही शिस्त काही अवघड नाही. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी, पाच मिनिटे स्वस्थ बसून मग, रक्तदाब मोजवावा व रक्तातील साखर तपासून घ्यावी. मीठ दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते एक लहान चमचाभर होते, आणि लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजावयाचे असते. आठवड्यास १५० मिनिटे झपाट्याने चालावे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. मधुमेही माणसाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. आणि ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांनी उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. तळवा भाजला तरी त्यांस कळत नाही, आणि त्या जखमा चिघळतात. पहाटेची प्रदक्षिणाही देवास पोहोचते. रात्री निजण्यापूर्वी तळवे पाहावेत. प्रसाद तळहाताच्या खळग्यात मावेल एवढाच घ्यावा. शिऱ्याची वाटी भरून मागणे ही भक्ती नव्हे, ती भूक होय.

बडोद्याच्या आपल्या मराठी मंडळींस हे नवे नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा याच शहराची, आणि मराठीतील दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मुजुमदारांनी येथूनच प्रसिद्ध केला. ज्या पिढीने देहाच्या जोपासनेस ज्ञानकोशाच्या योग्यतेचा विषय मानले, तिचे वारस आपण. आणि चार पावलांवरील भाजीबाजारासही आपण वाहन काढतो!

परंतु येथे एक दुसरे टोक आहे, आणि त्याविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अलीकडे काही घरांत आरोग्य हाच देव होऊन बसला आहे. मनगटावरील यंत्राकडे पाहून दिवसभर पावले मोजावयाची, पंगतीस बसून शेजाऱ्याच्या पानावर टीका करावयाची, आणि आजारी नातलगास भेटावयास जाण्यास वेळ नसावा, कारण ती आपली व्यायामाची वेळ! ही निगा नव्हे. ही आसक्तीच, फक्त तिने वेष बदलला आहे. चरकाचार्यांनी नगराचा अधिपती नगराविषयी आणि सारथी रथाविषयी जसा दक्ष असतो, तसे देहाविषयी असावे असे सांगितले आहे. परंतु रथ धुवून पुसून तबेल्यात ठेवण्यासाठी कोणी सारथी नेमीत नाही. रथ कोठे तरी जावयाचा असतो. याच आचार्यांनी मलमूत्रादी वेग अडवू नयेत असे सांगून लगेच लोभ, क्रोध, मत्सर हे वेग मात्र आवरावेत असे बजावले आहे. आरोग्याच्या पोथीतच मनाची पथ्ये सांगितली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट. देहाची निगा हे कर्तव्य मानले म्हणजे आजारी माणसास दोषी मानावयाचे काय? मुळीच नाही. सर्व पथ्ये पाळणाऱ्यांसही रोग गाठतो, आणि काही बालकांस मधुमेह जडतो तो त्यांच्या वा आईबापांच्या कोणत्याही चुकीमुळे नव्हे. दोन पाळ्या काम करून घर चालविणाऱ्यास "रोज फिरावयास का जात नाही?" असे विचारणे ही क्रूरता आहे. कर्तव्याचा हा मापदंड प्रत्येकाने स्वतःस लावावा. दुसऱ्याच्या वाट्यास केवळ साहाय्य यावे.

हे साहाय्य सर्वांआधी जिला हवे ती आपल्याच घरात आहे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी, सकाळची शिळी पोळी "टाकवत नाही" म्हणून स्वतः संपविणारी, नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असणारी, आणि स्वतःच्या थकव्याविषयी "काही नाही, वयच झाले" म्हणणारी. तिच्या या त्यागाचे आपण कौतुक पुष्कळ केले. तिचे रक्त मात्र तपासून घेतले नाही. आम्हीही या दोषातून मुक्त नाही. आमच्या मातोश्रींचा पांडुरोग आमच्या ध्यानात आला तो त्या जिना चढताना मध्येच बसल्या तेव्हा. तोवर आम्ही त्यांच्या हातचे गरम जेवण रोज जेवीत होतो. देह एकट्याचा नसतो हे खरे असेल, तर तिचा देहही तिच्या एकटीच्या भरवशावर सोडून चालणार नाही. आज रात्री सर्वांनी एकत्र पानावर बसावे आणि तिला पहिल्याने वाढावे, हेही आरोग्याचेच पथ्य समजावे.

ते वृद्ध गृहस्थ पुढील एकादशीस पुनः टाळ घेऊन उभे राहिले. दुपारी दूध व केळे घेतले होते, गोळीविषयी डॉक्टरांस आधी विचारले होते. आम्ही सहज हटकले, तेव्हा म्हणाले, "व्रत माझे आहे, पण देह सामाईक मालकीचा निघाला!" त्यांच्या पत्नी बायकांच्या रांगेत होत्या. त्यांनी ते ऐकले की नाही, सांगता येत नाही. टाळ्यांचा ठेका मात्र चुकला नव्हता.

सर्व सभासद कुटुंबांस श्रीकृपेने आरोग्य लाभो, आणि लाभलेले आरोग्य कोणाच्या तरी उपयोगी पडो, एवढीच प्रार्थना. इत्यलम्.