दूध पुरत नाही

रायपूरच्या चौबे कॉलनीतलं मराठी घर असो की शहराच्या कडेच्या वस्तीतलं छत्तीसगढी, बाळाच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘हिला दूध पुरत नाही.’ बहुधा ते बाळंतिणीचं नसतं, आजीचं किंवा शेजारणीचं असतं. स्तनपान सल्लागाराचं काम या वाक्याभोवतीच फिरतं. ते खरं धरलं तर पावडरीचा डबा उघडतो. खोटं म्हणून उडवलं तर एखादं बाळ खरोखर उपाशी राहतं.

मुळात पुरत नाही, हे कळलं कशावरून? रडण्यावरून. पण बाळ भुकेवाचूनही रडतं, आणि पहिल्या दिवशी त्याला एका वेळी चमचाभर चीक पुरे होतो. म्हणून सल्लागार दुपटी मोजायला सांगते. पाच-सहा दिवसांच्या बाळाने दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी केली, काळी शी पिवळी झाली, जन्मानंतर उतरलेलं वजन दोनेक आठवड्यांत भरून आलं, की दूध पुरतंय.

हिशेब जुळला नाही, तर पाहायचं. अख्खं पाजणं पाहायचं, बाळ आपणहून सोडेपर्यंत, मध्ये हात न घालता. (हेच अवघड, जाणत्या माणसाचे हात शिवशिवतात.) तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, गिळल्याचा आवाज येतोय का. नुसतं बोंड तोंडात असेल तर आईला भेगा पडतात आणि बाळाला थोडंच मिळतं. स्तन नीट रिकामे झाले नाहीत की दूध कमी बनतं. त्यात बाटली आली की बाळ आणखी कमी ओढतं आणि आजीचं वाक्य आठवड्याभरात खरं ठरतं!

म्हैस पान्हा चोरते, हे गोठ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. भ्यायली, परका हात लागला, की चोरते. बाईचंही फार वेगळं नाही. दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन दुखण्याने आणि धास्तीने अडतं. अळीव, डिंकाचे लाडू जरूर द्यावेत, पण ‘तुला जमतच नाही’ हे बोलणं त्यांच्यासोबत वाढू नये. सल्लागारानेही नाही.

काही बायांना दूध खरंच कमी असतं. थोड्या असतात, पण असतात. त्यांना वरचं दूध सांगताना अपराधी वाटू न देणं, आणि आईला ताप, स्तनात लाल दुखरी गाठ, सुस्त किंवा पिवळं पडलेलं बाळ दिसताच डॉक्टरकडे धाडणं, ही सल्लागाराची जबाबदारी. डबेवाल्या कंपनीची भेटवस्तू नाकारणं हीसुद्धा. 1992 च्या कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना अशी आमिषं देण्यावर बंदी आहे.

छत्तीसगढात मैत्री विधीपूर्वक जोडतात, ‘मितान बदतात’. गंगाजल, महाप्रसाद, भोजली अशी त्या नात्यांना नावं. 2002 मध्ये राज्याने गावोगावच्या आरोग्यसेविका निवडायला घेतल्या तेव्हा त्यांना नाव दिलं ‘मितानिन’. जन्मल्याबरोबर बाळाला अंगावर घ्यायला लावणं, चीक फेकू न देणं, हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी. स्तनपानाची पदवी त्यांच्याकडे नसते. पण आजी ते वाक्य बोलते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सल्लागाराची खोली बंद असते, आणि मितानिन दोन घरं पलीकडे राहते.