गळाला लावलेली भीती

‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल. ताबडतोब या नंबरवर संपर्क साधा.’ 2022च्या सुमारास असे मेसेज घरोघरी येऊ लागले. वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आम्ही मेसेज पाठवत नाही, असं महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. तरी माणसं त्या नंबरवर फोन करत राहिली, पलीकडचा सांगेल ते ॲप घेत राहिली आणि खाती रिकामी होत राहिली.

अशा फसवणुकीला फिशिंग म्हणतात. फिशिंग म्हटलं की गळ आठवतो, गळ म्हटलं की आमिष, आणि आमिष म्हटलं की हाव. म्हणून फसलेल्याला आपण पटकन हावरट नाहीतर बावळट ठरवून मोकळे होतो. पण वरच्या मेसेजमध्ये आमिष कुठे आहे? वेळेवर बिल भरणारा, कुणाचं देणं ठेवू नये असं मानणारा माणूसच त्यात सापडतो. या गळाला भीती लावलेली असते, आणि ती काही चोरानं घरून आणलेली नसते. ‘शेवटची तारीख’, ‘अन्यथा कारवाई’, ‘खातं बंद होईल’ ही भाषा आपण खऱ्या कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभं राहून शिकलो. चोर तिची नक्कल करतो, एवढंच.

म्हणून ‘स्पेलिंगच्या चुका शोधा, लिंक नीट बघा’ हे सल्ले खरे असले तरी अपुरे पडतात. नक्कल दिवसेंदिवस सुबक होते आहे, आणि धास्तावलेला माणूस अक्षरं तपासत बसत नाही. त्यापेक्षा व्यवहाराचं मर्म कळलेलं बरं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे एकदा उमगलं की ‘रिफंड देतो, पिन टाका’ हे वाक्य कानाला खटकतंच. त्याहून कामाची सवय म्हणजे फोन ठेवून देणं आणि बँकेच्या कार्डामागचा नंबर स्वतः लावणं. खरं काम दहा मिनिटांनी बिघडत नाही, खोटं बिघडतं. म्हणूनच ‘फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका’ असं चोर बजावत असतो.

आणि फसलोच तर? 1930 या हेल्पलाइनला लगेच कळवलं, तर खात्याखात्यांतून पुढे सरकणारी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. नेमके तेच पहिले तास ‘घरचे काय म्हणतील’ यात जातात. ‘एवढं शिकून कसे फसलात?’ असं आपण शेजाऱ्याला विचारतो, तेव्हा ते आपल्या घरातलंही कुणीतरी ऐकत असतं. आणि उद्या स्वतःवर वेळ आली, की ते गप्प बसतं.