कलेंतील उसनवारी

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें आणि त्याच्या माहितीपुस्तिकेकरितां मीं चार शब्द लिहावे असा आग्रह धरिला. महाविद्यालयांत तो माझ्याकडे इंग्रजी वाङ्मय शिकला होता. पुढें तें सोडून चित्रकलेकडे वळला. १९५२ सालीं उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरींत भिंत मिळावी म्हणून चित्रकारांना किती वर्षें तिष्ठावें लागतें हें मुंबईकरांस ठाऊकच आहे. त्याचा नंबर लागला याचा मला मनापासून आनंद झाला, आणि चित्रें पाहण्यासाठीं मी त्याच्या खोलीवर गेलों. पहिल्याच चित्रापुढें उभा राहिलों, तों मनांत एकच नांव आलें : गायतोंडे. तोच एका रंगाचा खोल विस्तार, त्यांतून अर्धवट वर येणाऱ्या त्याच अक्षरांसारख्या खुणा, पाण्याखालीं कांहीं तरी हालत असल्याचा तोच भास. दुसऱ्या चित्रांत तेंच, दहाव्यांतही तेंच. मीं घरीं येऊन लेख लिहिला. त्यांत ‘वारसा’, ‘परंपरेशीं संवाद’, ‘मौनाची भाषा’ हे शब्द मोठ्या सढळ हातानें वापरले. गायतोंडे हें नांव मात्र कोठेंही येऊं दिलें नाहीं.

लेख छापून आला तेव्हां मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाहीं. परंतु लाज नेमकी कशाची, हें सांगूं गेल्यास गोष्ट वाटते तितकी सरळ राहत नाहीं. त्या मुलानें कोणाचें कांहीं चोरलें होतें काय? चित्रांखालीं सही त्याची स्वतःची होती.

बनावट चित्राचा प्रश्न सोपा आहे. २००९ सालीं शहाऐंशी वर्षांचे रझा दिल्लींत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनास गेले, आणि भिंतींवरचीं बहुतेक चित्रें आपलीं नव्हेतच असें त्यांना आढळलें. येथें अपराध कोठें आहे हें शाळकरी मुलगाही सांगेल : सही खोटी आहे. आणि नुसती नक्कल करणें म्हणावें, तर त्यांतही पाप नाहीं. मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रें उतरवून घेत होते. हीं तरुण माणसें अंधुक उजेडांत, मूळ रेषा जेथें जशी वळली तेथें तशीच वळविण्याची खटपट करीत राहिलीं. त्यांच्या श्रमाचा मोठा भाग १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत जळून गेला, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे. आपण नकलांकरितां हळहळतों, आणि तें योग्यच आहे. कारण त्या नकला आपण अजिंठ्याच्या आहोंत, एवढेंच सांगत होत्या.

माझ्या विद्यार्थ्याचीं चित्रें या दोहोंच्या मधल्या प्रदेशांतलीं. या प्रदेशाची मोजणी आपल्याकडे हजार-अकराशें वर्षांपूर्वींच झालेली आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या शेवटच्या उद्योतांत एका कवीचें काव्य दुसऱ्याच्या काव्याशीं जुळतें तेव्हां तें तीन प्रकारांनीं जुळतें असें सांगितलें आहे. एक प्रतिबिंबासारखें, दुसरें चित्रासारखें, तिसरें एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांसारखें. प्रतिबिंबाला स्वतःचें असें कांहींच नसतें. चित्राला असतें, पण तें अगदीं थोडें. हे दोन प्रकार कवीनें टाकावे. तिसऱ्यांत मात्र चेहरा मिळताजुळता असला तरी आंतला जीव निराळा असतो. तो टाकण्याचें कारण नाहीं. पुढें राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त या उसनवारीचे बारकावे आणखी वाढविले, आणि कवींना तर त्यानें उघडउघड व्यापाऱ्यांच्या पंक्तीला बसविलें. राजशेखर व्यवहारी माणूस होता. मला त्याची भीति वाटते. आनंदवर्धनाची कसोटी मला अधिक मानवते, कारण ती ‘कोठून घेतलें?’ असें न विचारतां ‘घेतल्यावर त्यांत जीव आला कीं नाहीं?’ असें विचारते.

ती कसोटी खुद्द गायतोंड्यांस लावून पाहावी. १९४८ सालीं जे. जे. कलाशाळेंतून बाहेर पडलेल्या या तरुणानें पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराकडून पुष्कळ घेतलें, हें त्यांच्या सुरुवातीच्या लहानलहान चित्रांवरून सहज दिसतें. तेव्हांचा एखादा टीकाकार ‘हा क्लेचा नकलाकार’ म्हणता, तर त्याला अगदींच खोटें पाडतां आलें नसतें. परंतु पुढें काय झालें? आकृति विरघळल्या, रेषा गेली, कुंचल्याच्या जागीं रूळ आणि सुरी आली. थरावर थर चढवावयाचा आणि खरवडावयाचा, असें करीत वर्षाला मोजकींच चित्रें होऊं लागलीं. क्ले कोठें गेला? तो गेला नाहीं, जिरला. आणि जिरण्याला वेळ लागतो, एकांत लागतो, बराच काळ विक्री न होणें सोसावें लागतें. गायतोंडे २००१ सालीं वारले. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्यें त्यांचें प्रदर्शन झालें. २०२१ सालीं त्यांचें एक चित्र लिलावांत जवळजवळ चाळीस कोटि रुपयांस गेलें. हा आंकडा मी सांगतों तो दिपून जाण्याकरितां नव्हे. ज्याला चाळीस कोटि परवडत नाहींत, पण दिवाणखान्यांत ‘तसें कांहीं तरी’ हवें असतें, असा मोठा वर्ग या आंकड्यानें निर्माण केला, म्हणून.

पश्चिमेकडे या प्रश्नाचा निकाल निराळ्याच रीतीनें लावण्याचा प्रयत्न झाला आहे. शेरी लेव्हिन या अमेरिकन बाईंनीं १९८१ सालीं वॉकर एव्हान्स याच्या छायाचित्रांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि ‘वॉकर एव्हान्सनंतर’ अशा नांवानें तीं प्रदर्शनांत मांडलीं. एव्हान्सनें १९३६ सालीं अलाबामांतील कंगाल शेतकऱ्यांचे चेहरे टिपले होते. बाईंनीं ते पुस्तकांतून टिपले. यांत फसवणूक मुळींच नाहीं, नांवांतच सर्व कबुली आहे. मौलिकता ही कल्पनाच एक भ्रम आहे, असें त्यांना म्हणावयाचें होतें. मला हें पहिल्यानें नुसतें सोंग वाटलें. आतां तसें वाटत नाहीं. आनंदवर्धनाचें प्रतिबिंब कोणी मुद्दाम हातांत धरून ‘पाहा, याला जीव नाहीं’ असें दाखविलें, तर तें दाखविणें ही एक कृति होते. पण ती एकदांच होते. आज ज्या ज्या गॅलरींत असें ‘उसनें घेणें’ भिंतीवर दिसतें, तेथें तें एव्हान्सचें नसून लेव्हिनचें अनुकरण असतें, आणि त्याची कबुली कोणी देत नाहीं.

न्यायालयांनीं या वादांत शिरून तो सोडविला, असेंही म्हणवत नाहीं. लिन गोल्डस्मिथ यांनीं १९८१ सालीं प्रिन्स या गायकाचें छायाचित्र काढलें होतें. त्यावरून अँडी वॉरहॉलनें रंगीत मुद्रा तयार केल्या. गायक वारल्यावर २०१६ सालीं त्यांतली एक मासिकाला वापरावयास दिली गेली. वॉरहॉलच्या संस्थेला दहा हजार डॉलर मिळाले, बाईंना कांहीं नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं बाईंच्या बाजूनें कौल दिला, तो मुख्यतः एवढ्यावरच कीं, दोन्ही चित्रें मासिकाला एकाच कामासाठीं विकलीं जात होतीं. कायद्यानें खिशाकडे पाहिलें. त्यानें तेंच पाहावें. चित्रांत जीव आहे कीं नाहीं हें न्यायाधीशांनीं ठरवूं लागणें मला नको आहे. पण म्हणून आमचा प्रश्न संपत नाहीं. गायतोंडे हयात नाहींत, त्यांचें कांहीं गेलें नाहीं. गिऱ्हाईक आपण काय घेतों आहों तें जाणतें. नुकसान कोणाचेंच नाहीं. मग मला लाज कां वाटावी?

गेल्या पावसाळ्यांत तो मुलगा (आतां मुलगा कसला, चाळिशीला आला आहे) पुन्हां लेखासाठीं आला, तेव्हां मीं धीर करून त्याला तें नांव ऐकविलें. तो रागावला नाहीं. म्हणाला, “सर, आपण ‘किंग लिअर’ शिकवायचात तें ब्रॅडलेच ना? मीं मागून वाचलें. वाक्यें सुद्धां तींच होतीं.”

खरें होतें. ब्रॅडलेचें शेक्सपिअरवरचें पुस्तक १९०४ सालचें. मी तीस वर्षें त्याच्यावर जगलों, आणि वर्गांत प्रत्येक वेळीं त्याचें नांव घेतलेंच असें नाहीं. शिक्षक हा पाट आहे, पाणी कोणाचें हें त्याला कोणी विचारीत नाहीं, असें उत्तर मला सुचलें. तें मीं दिलें नाहीं, कारण तें पुरतें खरें नव्हतें. ऐन तारुण्यांत ‘लिअर’ वाचून मला जें वाटलें होतें, तें ब्रॅडलेशीं जुळत नव्हतें. परीक्षेला आणि वर्गाला ब्रॅडले चालत होता. माझें तें वाटणें मीं कधीं लिहून ठेविलें नाहीं, आणि आतां तें काय होतें हें मला आठवत नाहीं. त्याच्या पहिल्या चित्रापुढें मीं काय पाहिलें होतें, हें मला त्या दिवशीं समजलें.

निघतांना त्याच्या खोलींत भिंतीकडे तोंड करून ठेवलेलीं दोन लहान चित्रें दिसलीं. मीं तीं वळविलीं. लोकलच्या पुलाखालचा भाजीबाजार, पावसांत. निळी ताडपत्री, तिच्यावर साचलेलें पाणी, आणि खालून बांबूनें तें पाणी ढकलणारा हात. रेखाटन अवघडलेलें होतें, रंग एका बाजूला चिखलासारखे झाले होते. गायतोंडे त्यांत नव्हते. दुसरें कोणी असलें तर मला ओळखतां आलें नाहीं. “हीं प्रदर्शनांत नाहींत,” तो म्हणाला. “गॅलरीवाल्यांनीं पाहिलीं. लोक तीं दुसरींच मागतात, सर. घराचे हप्ते अजून अकरा वर्षें आहेत.”

तीं भिंतीवर लाव, असें मीं त्याला सांगितलें नाहीं. हप्ते मला भरावयाचे नाहींत. लेख मात्र या वेळीं त्या दोन चित्रांवर लिहितों, आणि मोठ्या चित्रांसंबंधीं लिहावयाचें तर गायतोंड्यांचें नांव घालून लिहितों, असें म्हणालों. छापावयाचा कीं नाहीं, तें त्यानें ठरवावें. त्यानें विचार करून कळवितों म्हणून सांगितलें आहे. प्रदर्शन मार्गशीर्षांत आहे.